सोयाबीनचे कापणी-मळणी यंत्र : निगा आणि सुटे भाग



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदमळणी करतो. हळद-लोणी लावून त्यांचे खांदे चोळतो, कारण वर्षभराचे जू त्याच खांद्यावर असते. ताडकळसच्या शिवारात सोयाबीनची रास घरी आणण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी बैलांकडून एका मोठ्या यंत्राकडे गेले आहे. त्या यंत्राची खांदमळणी मात्र क्वचितच कोणी करतो. पोळा येतो श्रावणी अमावास्येला. मृगात किंवा आर्द्रात पेरलेले सोयाबीन शंभरएक दिवसांनी, म्हणजे पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंत केव्हाही कापणीला येते. या दोहोंमधले जे तीन-चार आठवडे आपल्या हाती असतात, त्यांत यंत्रासाठी काय करावयाचे, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे. ज्यांचे स्वतःचे यंत्र आहे त्यांच्यासाठी तर हे आहेच, पण जे भाड्याने यंत्र लावतात त्यांनीही ऐकावे. नुकसान शेवटी शेतवाल्याचेच होते.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे कोणी याला हार्वेस्टर म्हणतो, कोणी कंबाईन. हडंब्याशी याची गल्लत करू नये. हडंबा नुसती मळणी करतो. त्याच्या तोंडात कापलेला माल आपल्याला घालावा लागतो. कंबाईन उभ्या पिकात शिरते आणि कापणे, मळणे, उफणणे ही तिन्ही कामे चालता चालता एकत्र करते. म्हणूनच त्याचे नाव कंबाईन. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मिशिगन भागात हायरम मूर या गृहस्थाने १८३० नंतरच्या दशकात असे यंत्र बनवले होते आणि ते ओढायला घोड्यांचा तांडा लागे. आपल्या देशात स्वतःच्या इंजिनावर चालणारे स्वराज कंबाईन १९८० साली पंजाबात तयार झाले. पुढे पतियाळा जिल्ह्यातली नाभा आणि भादसों ही गावे या यंत्रांची माहेरघरे झाली. आपल्या रस्त्यांवरून दसऱ्याच्या सुमारास जी यंत्रे पुढचा भाग सोडवून मागे बांधून चाललेली दिसतात, त्यांतली बरीचशी तिकडचीच असतात.

मराठवाड्यात हे यंत्र आले ते सोयाबीनच्या पाठोपाठ. ज्वारीला त्याची गरज नव्हती. ज्वारीचे कणीस आठ दिवस थांबते, आणि कडबा तर आपल्याला दाण्याइतकाच प्यारा. सोयाबीनचे तसे नाही. ते सगळ्यांचे एकदम पिकते, वाळले की शेंग फुटते आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस डोक्यावर असतो. मजुरांचे गुत्ते मिळेना, की यंत्राला बोलावणे जाते. यात कापणीवर जाणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी बुडाली आणि भुसकट शेतभर उधळल्यामुळे जनावरांचे खाणेही कमी झाले, हे खरे आहे. ते नाकारून चालणार नाही. पण चार दिवसांत ढग भरून येणार असतील तर कोणता शेतकरी थांबेल?

आता मुद्द्याचे. २०१९ च्या ऑक्टोबरात कापणीच्या वेळी पाऊस झाला, पीक भिजले. पुढच्या, म्हणजे २०२० च्या खरिपात पेरलेले सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यातून हजारो तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. या न उगवण्याची कारणे अनेक असतात. भिजलेले बियाणे, पुरेशी ओल नसता केलेली पेरणी, खोल पडलेले बी. पण आणखी एक कारण मळणीच्या वेळीच दाण्यात शिरते आणि डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे दाण्याला बसलेला मार.

सोयाबीनचा दाणा हातात घेऊन बघा. गव्हाला जाड कवच असते, हरभऱ्याचे सालही चिवट. सोयाबीनचे साल कागदासारखे पातळ, आणि जिथे काळसर किंवा तपकिरी डोळा दिसतो त्याच्या लगतच, सालाच्या अगदी खाली, कोंब बसलेला असतो. तिथे फटका बसला की दाणा वरून अखंड दिसतो, मोंढ्यात विकलाही जातो, पण मातीत पडला की कुजतो. जोराचा फटका बसला तर त्याची सरळ डाळ होते, आणि मग ताडकळसच्या मोंढ्यात व्यापारी मूठभर माल तळहातावर पसरून डाळ, काडीकचरा, माती आणि ओलावा यांचा हिशेब आपल्याला ऐकवतो.

हा फटका देतो यंत्राचा ड्रम. मध्यम आकाराच्या यंत्राचा ड्रम साधारण दोन फूट व्यासाचा धरू. गव्हासाठी तो मिनिटाला नऊशेच्या आसपास फेरे घेतो. गणित केले तर ड्रमवरची पट्टी त्या वेळी ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असते. भरधाव मोटारीने दाण्याला ठोकर द्यावी तसा हा प्रकार. सोयाबीनला चारशे ते सहाशे फेरे पुरतात. साडेचारशे फेऱ्यांवर ठोकर निम्म्या वेगाची होते. बियाण्यासाठी मळणी करताना तर कृषि खाते याहूनही कमी सांगते. दाण्यात चौदा टक्के ओलावा असेल तर चारशे ते पाचशे, तेरा टक्के असेल तर तीनशे ते चारशे. दाणा जितका कोरडा तितका ठिसूळ.

आपण म्हणाल, मग यात निगा कुठे आली? चालकाला सांगून फेरे कमी केले की काम झाले. इथेच खरी गोम आहे. फेरे कमी करून ड्रम चालायचा तर बाकीचे यंत्र ठाकठीक असावे लागते. ड्रमचा पट्टा ढिला असला की हिरवट काड आत येताच तो घसरतो, ड्रम गुदमरतो आणि माल तुंबतो. दोनदा तुंबला की चालक वैतागतो आणि फेरे वाढवतो. किंवा ड्रमखालची जाळी, जिला कॉन्केव्ह म्हणतात, ती जवळ घेतो. यंत्र धडाधड चालू लागते, सगळ्यांना बरे वाटते आणि टाकीत डाळ पडू लागते. पट्टा काही शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत येतो. तो वेळेवर न बदलल्याची किंमत पुढच्या मृगात मोजावी लागते. पंजाबातून आलेला पाजी त्या वेळी आपल्या गावात नसतो.

तेव्हा पट्ट्यापासूनच सुरुवात करू. पोळ्याच्या आठवड्यात यंत्राचे सगळे पत्रे उघडा आणि प्रत्येक पट्टा हाताने फिरवत उजेडात बघा. कडेला सुतळी निघाली आहे का, आतल्या अंगाला भेगा आहेत का, एखाद्या जागी चकाकी आली आहे का? चकाकी म्हणजे पट्टा घसरतो आहे. जिथे एकाच चाकावर दोन किंवा तीन पट्टे जोडीने असतात, तिथे एकच तुटला तरी सगळे बदलावे. जुना ताणलेला असतो, नवा आखूड असतो, मग सगळा भार नव्यावर येऊन तोही लवकर जातो. पट्टा चढवताना पहार घालून चाकावरून ओढू नका. ताण देणारे चाक सैल करा, पट्टा बोटांनी बसवा आणि मग ताण द्या. दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत हे दोरी धरून पाहता येते. गवंडी ओळंब्याने भिंत पाहतो तसेच.

पट्टा आणायला कंपनीचेच दुकान पाहिजे असे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पट्ट्याच्या पाठीवर अक्षर आणि आकडा छापलेला असतो. समजा बी-७५ असे आहे. यातले अक्षर म्हणजे पट्ट्याची जाडी-रुंदी आणि आकडा म्हणजे इंचांतली लांबी. ए, बी, सी या मापांचे पट्टे परभणी-नांदेडच्या कोणत्याही चांगल्या दुकानात मिळतात. छापलेले पुसण्याआधी ते लिहून ठेवणे एवढेच आपले काम. ड्रमचे फेरे बदलणारा रुंद पट्टा मात्र वेगळा असतो. तो ज्या कंपनीचे यंत्र त्याच कंपनीचा घ्यावा, आणि हंगामापूर्वी एक जास्तीचा घरात असावा. ऐन कापणीत तो मागवायचा म्हणजे यंत्र तीन-चार दिवस शेतात उभे.

बेअरिंगचेही असेच. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतले भोक पंचवीस मिलिमीटर, ६२०६ म्हणजे तीस. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की दांड्याचे माप निघते. चारपासून पुढच्या आकड्यांना हा हिशेब बरोबर लागू पडतो. दुकानदाराने आकडा वाचण्यापूर्वी आपण माप सांगितले, की तोही जरा सावरून बसतो! बेअरिंग जाऊ लागले की आधी कुरकुरते, मग तापते आणि शेवटी दांडा खाते. यंत्र अर्धा तास चालवून इंजिन बंद करा, सगळे भाग थांबू द्या, आणि मग प्रत्येक बेअरिंगच्या घरावर हाताची पाठ टेकवा. जिथे हात ठेववत नाही, ते बेअरिंग हंगामभर टिकणार नाही. वाळलेल्या भुसकटात तापलेले बेअरिंग म्हणजे विस्तव, हेही ध्यानात ठेवा. ग्रीस भरताना आधी निपलचे तोंड फडक्याने पुसावे, नाहीतर ग्रीसबरोबर धूळ आत जाते. आणि ग्रीस भरपूर म्हणजे चांगले, हा समज सोडावा. बंद बेअरिंगात फार दाबले की त्याची टोपी फुटते आणि मग धुळीला वाट मोकळी होते.

आता यंत्राचा पुढचा भाग घेऊ. सोयाबीनमध्ये जे सांडते, त्यातला सर्वांत मोठा वाटा इथेच सांडतो. ड्रममध्ये नव्हे, चाळणीतही नव्हे. चौदा फुटांच्या कटरबारवर तीन इंच रुंदीची छप्पन्न पाती असतात. ती एका पट्टीवर बसवलेली असतात आणि बोटांच्या खाचांतून डावी-उजवीकडे सरकत कात्रीसारखी कापतात. पाते बोथट झाले किंवा बोट वाकले, की ते कापण्याऐवजी झाड ओढते. ओढले की झाड हलते, शेंग फुटते आणि दाणा यंत्रात पडण्याऐवजी जमिनीवर पडतो. कधी मुळासकट झाड येते आणि काळी ढेकळे ड्रममध्ये जातात. मोंढ्यात जी माती म्हणून कापली जाते, तिचा उगम पुष्कळदा एका मोडक्या पात्यात असतो.

पाती तपासण्याची रीत सोपी आहे. दांडा सोडवा आणि पात्यांची पट्टी हाताने सरकवून बघा. हातमोजा घालून बरे का. पट्टी हाताने सरकली पाहिजे. जाम असेल तर दाबपट्ट्या फार घट्ट आहेत. खडखडत वर उडत असेल तर सैल आहेत. मग दांडा जोडून चाक हाताने फिरवा. पट्टी एका टोकाला जाऊन थांबते तेव्हा प्रत्येक पाते बरोबर बोटाच्या मधोमध यावयास हवे. ते पुढे-मागे येत असेल तर एका बाजूची कापणी अर्धवट राहते आणि मागे उभी काडे दिसतात. मोडलेले पाते लगेच बदलावे. त्यासाठी दहा-बारा पाती, तितकेच रिव्हेट किंवा बोल्ट आणि चार बोटे यंत्रावरच्या पेटीत असली म्हणजे बांधावर बसून पाऊण तासात काम उरकते.

वरचा फिरता रीळही हळू हवा. यंत्र ज्या वेगाने पुढे जाते त्यापेक्षा थोडाच जास्त, फार तर सव्वापट. जोरात फिरणारा रीळ वाळलेल्या शेंगांना झोडपतो. यंत्राची चाल ताशी तीन ते चार किलोमीटरच असावी, म्हणजे माणूस सावकाश चालतो तेवढी. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भाडे एकरावर ठरले की चालकाला घाई असते, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याचे पोट एकरांवर. म्हणून यंत्र शेतात उतरण्यापूर्वीच चाल ठरवून घ्यावी. दोन पैसे जास्त द्यावे लागले तरी द्यावेत.

ते दोन पैसे वसूल होतात की नाही, हे मोजता येते. सळईची एक फूट लांब, एक फूट रुंद चौकट करा. यंत्र थोडे चालले की थांबवा आणि आपल्या लांबीएवढे मागे घ्यायला सांगा. चौकट तीन ठिकाणी टाकून दाणे मोजा. पहिली जागा यंत्राच्या पुढे, उभ्या पिकात. तिथले दाणे आधीच गळालेले आहेत, त्यांचा दोष यंत्राला नाही. दुसरी जागा, जिथे पिकाची कापणी झाली आहे पण अजून मागचे भुसकट पडलेले नाही. तिथे वाढलेले दाणे कटरबारने सांडले. तिसरी, यंत्राच्या मागे, भुसकटाखाली. तिथले जास्तीचे दाणे ड्रमने किंवा चाळणीने फेकले. प्रत्येक जागी तीन-चार वेळा चौकट टाकून सरासरी काढावी. आपल्या सोयाबीनचे शंभर दाणे अकरा-बारा ग्रॅम भरतात, त्यावरून चौरस फुटाला चार दाणे म्हणजे एकरी सुमारे वीस किलो. दहा दाणे म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल. मोजायला दहा मिनिटे लागतात. बघा, चालकाशी वाद घालण्यापेक्षा ही चौकट त्याच्यापुढे ठेवलेली बरी. चांगला चालक मान हलवतो आणि पाना हातात घेतो.

दाणे दुसऱ्या जागी जास्त निघाले तर पाती, रीळ आणि चाल बघावी. तिसऱ्या जागी निघाले तर चाळण्या उघडाव्यात. चाळणीच्या फटींत भुसकट चिकटून बसले, की दाणा खाली पडत नाही आणि वरच्यावर बाहेर जातो. पंख्याचा वारा फार असला तरीही तेच होते. त्या ढिगात अखंड, न फुटलेल्या शेंगा दिसल्या तर ड्रमकडे वळावे. मात्र लगेच फेरे वाढवू नका. आधी बघा, की ड्रमवरच्या पट्ट्यांची धार झिजून गोल झाली आहे का, आणि जाळीच्या कडा शिल्लक आहेत का. झिजलेल्या पट्ट्यांनी मळणी होत नाही, नुसते घासणे होते. या पट्ट्या डाव्या आणि उजव्या खाचांच्या असतात आणि एकाआड एक बसतात. बदलताना समोरासमोरची जोडी बदलावी आणि दोन्हीचे वजन सारखे असल्याची खात्री करावी. एकच नवी बसवली तर ड्रमचा तोल जातो, सगळे यंत्र थरथरू लागते आणि बेअरिंगांवर संकट येते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

शेताचाही यात हात असतो. खालच्या शेंगा जमिनीपासून चार बोटांवर असतील तर चौदा फुटी कटरबार त्या सगळ्या गोळा करू शकत नाही. उभट वाढणारे आणि शेंगा उंचावर धरणारे वाण यंत्राला सोयीचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचा एमएयूएस १६२ हा वाण यंत्राने काढणीला योग्य म्हणून सांगितला जातो. काहीजण विचारतात, की रुंद वरंबा-सरीवर पेरले तर यंत्र कसे चालायचे? माझे मत असे, की कंबाईनसाठी वरंबा सोडू नये. कमी पावसात आणि अति पावसात पीक तरते ते त्या सरीमुळे. यंत्र वरंब्याच्या लांबीने चालवावे, आडवे नव्हे. आणि ओल्या काळ्या जमिनीत आठ टनांचे धूड घालू नये. ते रुतते आणि त्याची चाके जमीन अशी दाबून टाकतात, की रब्बीच्या नांगरटीला तिथे ढेकूळ फुटत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. ते ट्रकच्या इंजिनासारखेच असते, पण ट्रक रस्त्यावर धावतो आणि हे भुसकटाच्या ढगात. म्हणून हवेची गाळणी रोज सायंकाळी झाडावी आणि रेडिएटरची जाळी दिवसातून दोन-तीनदा साफ करावी. ती तुंबली की पाणी उकळते. धुराच्या नळीजवळ साठलेले भुसकट रोज काढावे, आणि यंत्रावर आग विझवण्याचे नळकांडे व एक फावडे असावे. तेल किती तासांनी बदलावे ते यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक पेटीच्या तळाशी पडलेले असते, तेथून ते वर काढावे.

सुरक्षिततेचे दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. ड्रम तुंबला की घाईघाईत कोणीतरी हात घालतो. इंजिन बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, सगळे थांबले याची खात्री करा, आणि मगच हात घाला. उपरणे, पदर, सैल बाह्या यंत्राजवळ नकोत. टाकीत मुलांना चढू देऊ नका. तळाचा मळसूत्री दांडा कधी फिरू लागेल सांगता येत नाही. रात्रीच्या कापणीत दाणे काढायची नळी उंच करून यंत्र विजेच्या तारांखालून नेऊ नका.

आता बियाण्याचे बघू. माझे स्पष्ट मत आहे, की घरच्या बियाण्याचा तुकडा यंत्राला देऊच नये. पाच एकरांची पेरणी असेल तर एकरी तीस किलोप्रमाणे दीड क्विंटल बी लागते. अर्ध्या एकरातले चांगले पीक हाताने कापून, वाळवून, सावकाश मळले तर तेवढे निघते. वेळच नसेल आणि यंत्रानेच काढावे लागले तर सकाळचे दव सुकल्यावर काढा, भर दुपारी नको. ड्रमचे फेरे शक्य तितके कमी ठेवा. शिवाय हे यंत्र काल कोणाच्या तरी दुसऱ्या शेतात होते हे विसरू नका. त्याच्या पोटात दुसरा वाण असतो, तणाचे बी असते. शेतात शिरण्याआधी टाकी आणि वर नेणाऱ्या साखळीखालची झाकणे उघडून यंत्र पाच मिनिटे रिकामे चालवावे, आणि पहिल्या एक-दोन पोत्यांतला माल मोंढ्यात न्यावा, बियाण्यात घालू नये. मग मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो ठीक. त्याहून कमी उगवले तर त्या हिशेबाने बी वाढवावे, आणि फारच कमी निघाले तर ते पेरूच नये.

ज्यांना नवे यंत्र घ्यावयाचे आहे त्यांनी एक विचारावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था १९५५ पासून आहे. तिथे यंत्राची चाचणी झाली असेल तर अहवाल दाखवा, असे विक्रेत्याला म्हणावे. त्यात कोणत्या पिकात किती दाणा सांडला आणि किती फुटला ते लिहिलेले असते. खरेदीला सरकारचे अनुदान मिळते. पट्ट्याला आणि ग्रीसला मिळत नाही, ते आपणच करावयाचे.

हंगाम संपला की यंत्र धुऊन शेडखाली लावतात आणि विसरतात. पाण्याने धुण्याआधी हवेने झाडा, नाहीतर भिजलेले भुसकट कोपऱ्यांत बसून पत्रा खाते. टाकीत, साखळ्यांत, चाळण्यांखाली एकही दाणा ठेवू नका. दाण्यासाठी उंदीर येतो, तिथेच घर करतो आणि पुढच्या पोळ्याला विजेच्या तारा कुरतडलेल्या सापडतात. सगळ्या पट्ट्यांचा ताण सैल करा. कटरबारची पाती तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. बॅटरी काढून घरात न्या आणि महिन्याला एकदा भरा. धुराच्या नळीवर डबा उपडा घाला. आणि मग यंत्राच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तेलरंगाने, किंवा नुसत्या खडूने का होईना, या हंगामात काय काय लागले ते लिहून ठेवा. किती पाती, कोणत्या आकड्याचे बेअरिंग, कुठला पट्टा, कोणत्या तारखेला. पोळ्याला पत्रा उघडला की दुकानात काय मागायचे ते तिथेच वाचायला मिळेल.